दहा बैठकींचा उपचार आणि उपचारकाची पारख

प्रश्न : महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील एका पेढीवर मी बरीच वर्षे हिशेबाचे काम करीत आहे. मान पुढे झुकली आहे, उजवा खांदा वर चढलेला असतो आणि सकाळी कंबर आखडते. डॉक्टरांच्या तपासणीत गंभीर काही आढळले नाही. एका स्नेह्यांनी ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’ सुचवले आहे. हे मालिशच आहे का, आणि ते करणाऱ्याचे शिक्षण कसे पारखावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मालिशने दुखणाऱ्या जागेला आराम मिळतो, या पद्धतीत मात्र संपूर्ण शरीराची ठेवण आधी पाहिली जाते. अमेरिकेतील आयडा रॉल्फ (1896–1979) यांनी ती घडवली. त्यांनी 1920 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. डोके, छाती, ओटीपोट आणि पाय एकमेकांवर नीट तोललेले नसले, तर गुरुत्वाकर्षणाचा भार सांभाळताना स्नायूंना सतत जास्तीचे काम पडते आणि त्यांना वेढणारे फॅशिया नावाचे आवरण ताठर होत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून आपल्या खांद्याची तक्रार ऐकल्यावरही जाणकार उपचारक आपण उभे कसे राहता, श्वास घेताना बरगड्या किती हलतात, पाऊल कसे टेकते, हे आधी पाहील. नेहमीच्या मालिकेत दहा बैठकी असतात : पहिल्या तीन वरच्या थरांसाठी, पुढील चार खोलवरच्या भागांसाठी आणि शेवटच्या तीन सर्वांचा मेळ घालण्यासाठी.

दाबाने फॅशिया ‘वितळतो’ हे या पद्धतीच्या बाजूने दिले जाणारे स्पष्टीकरण मला पटत नाही, कारण घट्ट आवरणाचा आकार कायमचा बदलण्याइतका जोर हातांनी लावणे कठीण असते. स्पर्शामुळे मज्जासंस्था स्नायूंचा ताण कमी करीत असावी, हे अधिक संभाव्य वाटते. परिणामांचे पुरावेही अजून लहान अभ्यासांपुरतेच आहेत. तरीही शरीराकडे नीट पाहण्याची जी शिस्त ही पद्धत लावते, ती मला मोलाची वाटते.

शिक्षणाबाबत स्पष्टपणे विचारावे. रॉल्फ यांच्या कार्यातून 1971 मध्ये बोल्डर, कोलोरॅडो येथे उभ्या राहिलेल्या संस्थेच्या परंपरेत शरीररचनाशास्त्र, शरीराची ठेवण पाहून ओळखण्याचा सराव आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम यांवर भर असतो. विद्यार्थ्याने स्वतः ही मालिका घेतलेली असणेही अपेक्षित असते. कोठे शिकलात, कोणाच्या देखरेखीखाली किती काम केले, या प्रश्नांना जो सरळ उत्तर देत नाही किंवा शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र पुढे करतो, त्याच्या हाती आपली मान देऊ नये. प्रत्येक दाबाआधी आपली संमती घेतली जावी आणि ‘थांबा’ म्हटल्यावर हात तत्काळ थांबावा. दुखणे म्हणजे गुण येणे, असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असल्यास किंवा हाडे ठिसूळ असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना खोल दाब घेऊ नये. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा वाढू लागला, तर बैठकी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.