एआयच्या एक्स-रे पॅकेजसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : इचलकरंजीत माझा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. वर्षाची जमा २८ लाख. दवाखान्याचा खर्च महिना १ लाख, घरचा ७० हजार. एक्स-रेमधली कीड आणि हाडाची झीज दाखवणारं एआय सॉफ्टवेअर एक कंपनी ३ वर्षांच्या करारावर देते आहे : महिना ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, पैसे एकरकमी आगाऊ. सोबत नवा आरव्हीजी सेन्सर (तोंडात ठेवून दाताचा डिजिटल एक्स-रे घेणारा), करासह १,४०,०००. जुन्याची केबल सैल झाली आहे. महिन्याला २० फिलिंग वाढतील, घसाऱ्याने करही वाचेल, असं विक्रेता म्हणतो. ५ लाखांची एफडी मोडू का?

उत्तर : डॉक्टर, एफडी मोडू नका. सेन्सर घ्या, सॉफ्टवेअर आधी महिन्याच्या बोलीवर वापरून बघा.

३६ महिन्यांचे २,७०,००० आणि त्यावर जीएसटी ४८,६००. सेन्सर धरून ४,५८,६०० होतात. एफडीत ४१,४०० उरतील, म्हणजे घर आणि दवाखाना मिळून जेमतेम आठवड्याचा खर्च. तुमचा हात प्लॅस्टरमध्ये गेला तर जमा त्याच दिवशी थांबते. ही ठेव त्या दिवसासाठी आहे.

करबचतीचं गणित तर तुम्हाला लागूच होत नसावं. दंतोपचार जीएसटीमुक्त असल्याने (निव्वळ सौंदर्योपचार सोडून) भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तो सरळ खर्च धरा. आणि ४४एडीए म्हणून आपण ओळखतो त्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आयकर विवरण भरत असाल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. घसारा त्यातच आला. वेगळा रुपयाही वाचणार नाही. सीएंना एकदा विचारून घ्या.

आता त्या २० फिलिंगकडे या, कारण सगळा सौदा त्यावर उभा आहे. करासह महिन्याचे ८,८५० पडतात. एका फिलिंगमागे साहित्य वजा जाता ८०० हाती राहतात असं धरलं, तर ११-१२ जादा फिलिंग झाल्यावर फक्त खर्च निघतो. पण जादा कोणती? दोन दातांमधली इनॅमलपुरती (दाताच्या बाहेरच्या कठीण थरापुरती) कीड, पृष्ठभाग शाबूत असेल तर, ड्रिल करायची नसते. फ्लोराइड व्हार्निश लावून लक्ष ठेवायचं असतं. सॉफ्टवेअर तीही रंगवून दाखवतं आणि विक्रेता तीही मोजतो. शिवाय एक्स-रेत दाताच्या मानेजवळ, हिरडीलगत, दिसणारा नैसर्गिक काळसरपणा, म्हणजे सर्व्हायकल बर्नआउट, त्याला कधीकधी कीड वाटतो. एक्स-रे ट्यूबचा आडवा कोन चुकून चित्रात शेजारचे दात एकमेकांवर चढले, तर खरी कीड सुटते. आपल्याकडे बाइटविंग (वरच्या-खालच्या दातांचे माथे एकत्र दाखवणारा एक्स-रे) कमी, आयओपीए (मोजके दात मुळापर्यंत दाखवणारा) जास्त. दातांमधली कीड मात्र बाइटविंगवरच नीट दिसते. म्हणून सेन्सर नीट धरून ठेवणारा होल्डर वापरून बाइटविंग काढायची सवय आधी लावा. खर्च किरकोळ, आणि फायदा एआय नसलं तरी मिळतोच.

सेन्सरचं दुखणं खरं आहे. सैल केबलमुळे प्रतिमेत रेघा येतात, आणि खराब प्रतिमेवर कोणतंही सॉफ्टवेअर भरवशाचं नाही. विक्रेता हप्ते देत असेल तर १२ महिन्यांचे घ्या. १२,२००च्या आसपास हप्ता बसला तर एकूण ६,४०० जादा जातील. तुमच्या शिलकीत ते झेपतं.

सॉफ्टवेअर ३ महिने घ्या. महिन्याचा दर ९,००० सांगितला तरी करासह १०,६२० पडतील, म्हणजे तिमाहीला ५,३१० जादा. करारातून मोकळं राहण्याची ही किंमत रास्त आहे. त्या काळात प्रत्येक एक्स-रे आधी स्वतः वाचून नोंद करा, मगच एआय सुरू करा. उलट केलंत तर डोळा त्या रंगीत चौकटीमागे जातो. वहीत लिहा : मला दिसलं ते, एआयने वाढवलं ते, त्यातलं तपासणीत किंवा दात उघडल्यावर खरं निघालं ते, आणि रुग्णाने होकार दिला ते. शेवटच्या दोन्ही रकान्यांत बसणाऱ्या, एआयने वाढवलेल्या केसेस महिन्याला १२ भरल्या तरच पुढे जा. पडद्यावर खूण बघून जुनी टाळाटाळ सोडून तयार झालेले रुग्णही धरा, ही कमाई बऱ्याचदा जास्त असते.

पैसे देण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या : सीडीएससीओ (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवरची केंद्रीय नियामक संस्था) परवान्याचा क्रमांक, तुमच्या आरव्हीजीच्या फाइल थेट चालतात की जेपीजी करून चढवाव्या लागतात, रुग्णांच्या प्रतिमा कुठल्या सर्व्हरवर राहतात, करार संपल्यावर त्या परत कशा मिळतात. रुग्णांच्या संमतीपत्रात एआयच्या वापराची एक ओळ वाढवा. निदान तुमच्या सहीचं असतं, त्यामुळे व्यावसायिक दायित्व विम्याच्या कंपनीलाही एआय वापरलं तर विमा लागू राहतो का, असा ईमेल टाकून उत्तर जपून ठेवा. चाचणी जमली तरी वर्षाचाच करार करा, आणि नूतनीकरणाचा दर त्यात आजच लिहून घ्या.