लाल रंग आणि पाव इंचाची माया

प्रश्न : ताई, यंदा ख्रिसमसला एक क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, मला आणि चार मैत्रिणींना एकेक असं ठरवलंय. मागच्या वर्षी एक केली होती पण पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला, सगळी गुलाबी झाली, शिवाय ब्लॉक, म्हणजे पट्ट्या जोडून केलेले चौकोन, एकमेकांना जुळेनात, ओढून ओढून जोडले. हातात तीन महिने आहेत, होईल का?

उत्तर : पाच मोठ्या होणार नाहीत हो. स्वतःसाठी मोठी करा आणि मैत्रिणींना टेबल रनर, म्हणजे टेबलावर मधोमध घालायची लांब पट्टी, द्या, ब्लॉक मात्र सगळ्यांचा एकच ठेवा. लॉग केबिन घ्या, म्हणजे मधे लाल चौकोन, जुन्या पद्धतीत ती घरातली शेकोटी मानतात, आणि भोवती पट्ट्यांचे चार फेरे, दोन बाजूंना हिरव्या, दोन बाजूंना पांढऱ्या. चौकोन अडीच इंच आणि पट्ट्या पावणेदोन इंच रुंद कापल्या की ब्लॉक एकमेकांना जोडून झाल्यावर प्रत्येक बरोबर 12 इंचाचा होतो. तीन ब्लॉकचा रनर, बारा ब्लॉकला सहा इंची किनार लावली की तुमची 48 बाय 60 ची क्विल्ट, म्हणजे एकूण 24 ब्लॉक, सगळ्या पट्ट्या एकदमच कापून ठेवा.

आता ब्लॉक का जुळत नाहीत ते सांगते, कारण माझेही सुरुवातीला असेच व्हायचे आणि मी कापडाला दोष द्यायचे. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, पाव इंचच हवी. ती प्रत्येक शिवणीला अर्ध सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं, या ब्लॉकमधे आडव्या आठ शिवणी आहेत म्हणजे आठ सूत, अख्खा एक इंच गेला! म्हणून आधी दीड इंच रुंद तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा आणि मधली मोजा, ती एक इंच भरली तरच पुढे जा. आणि इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही, घासली की पट्टी ताणली जाते.

लाल कापडाचं म्हणाल तर कापायच्या आधी ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तरीही सुटत राहिला तर कितीही आवडलेलं असो, बाजूला ठेवा, पांढऱ्याशेजारी नकोच. आणि धुवायचं तर सगळंच धुवा, कारण सुती कापड आटतं, धुतलेलं आणि कोरं एकत्र शिवलं की पुढच्या धुण्यात कोरं आवळतं.

प्रश्न : हाताने टाके घालते, पण उलटीकडे अस्तराला चुण्या पडतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक थर नीट बसवायच्या आधीच टाके सुरू होताहेत. अस्तर आणि मधली बॅटिंग, म्हणजे आत भरायचा मऊ थर, वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठी घ्या, अस्तर उलटं पसरून कडेने चिकटपट्टीने जमिनीला लावा, ताठ पण ताणलेलं नाही, मग बॅटिंग, मग वरचं. एका मुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना किंवा कच्चा धावदोरा, मधून कडेकडे. टाकेही तसेच, मधून बाहेर. कडेने सुरुवात केली की उरलेलं कापड मधे गोळा होतं आणि तीच तुमची चुणी. जिथे आधीच पडलीय तिथले टाके आजच उसवा, कडेला गोट (पट्टी) लावल्यावर उसवायचा जीव होत नाही.