दोन वेगळ्या राज्यांतल्या गाड्यांची आपसात अदलाबदल: टायटल कसं करायचं?

तुमची गाडी ओहायोची, समोरच्याची कॅलिफोर्नियाची, आणि मधे डीलर नाही. अमेरिकेत हे सरळ होतं. कागदोपत्री याला दोन स्वतंत्र विक्री समजा. तुम्ही तुमच्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, विक्रेता म्हणून सही करून ते त्यांना द्यायचं, त्यांनी त्यांचं तुम्हाला. मग प्रत्येकाने मिळालेलं टायटल आपापल्या राज्यात नेऊन नव्याने काढायचं. विक्रीकरही तिथेच भरायचा. पैसे हातात आले नाहीत म्हणजे कर नाही, असं मात्र धरून चालू नका.

सगळ्यात आधी लायन, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा गाडीवरचा हक्क, बघा. गाडीवर कर्ज बाकी असेल तर बँकेचं मुक्तिपत्र मिळेपर्यंत किल्ली देऊ नका. इथेच माणसं अडकतात, आणि गाडी दुसऱ्या राज्यात गेल्यावर सोडवणं फार जिकिरीचं होतं.

ओहायोच्या टायटलवर विक्रेत्याची सही नोटरीसमोरच करावी लागते, त्यामुळे घरी आधीच सही करून ठेवू नका. खाडाखोडही नको, टायटल नाकारलं जाऊ शकतं. २०११ किंवा नंतरच्या मॉडेलला गाडी २० वर्षांची होईपर्यंत ओडोमीटरचा आकडा लेखी द्यावा लागतो, हा केंद्रीय नियम आहे. दोन्ही गाड्यांचं वेगवेगळं बिल ऑफ सेल (विक्रीचा लेखी कागद) करा आणि त्यात गाडीची खरी किंमत लिहा.

कॅलिफोर्नियाच्या मालकाने ५ दिवसांत डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) हस्तांतर कळवायचं असतं. बाहेरून आलेल्या गाडीचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) तिथे प्रत्यक्ष तपासतात, स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) चाचणीही बहुधा लागते. ती पास होईल का, हे अदलाबदलीआधीच बघून घ्या.