कराडची सीट हातात आहे, घाई करू नकोस

काल रात्री तुझा तो भलामोठा मेसेज वाचला आणि मग झोपच लागली नाही बघ, म्हणून सकाळी उठून नीट बसून लिहितेय. इंजिनिअरिंग ॲडमिशनच्या पहिल्या राउंडला कराडच्या गव्हर्मेंट कॉलेजला इलेक्ट्रिकल मिळालं, तुझ्या यादीत ते नवव्या नंबरवर होतं, आणि तिकडे पुण्याचं प्रायव्हेट युनिव्हर्सिटीवालं कम्प्युटर देतंय, फक्त रविवारपर्यंत पैसे भरा म्हणतायत. घरात दोन तट पडलेत आणि मधे तू.

आधी रविवारचं सांगते. समोरचा घाई करतोय म्हणून पैसे भरायचे नाहीत, एवढं माझं ऐक. प्रवेश रद्द केला तर किती परत, कुठल्या तारखेपर्यंत परत, हे त्यांच्याकडून लेखी घे, फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. आणि ओरिजिनल एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, कुणाच्याही हातात देऊ नकोस. माझी एका कॉलेजने महिनाभर अडकवून ठेवली होती, आई रोज फोन करायची आणि रोज "उद्या या" ऐकायची. कागद बघून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात.

दुसरं म्हणजे पैशाचं, जे तुझ्या घरात कुणी बोलतच नाहीये. 2024 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या या केंद्रीय राउंडमधून, ॲडमिशन लागते आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी त्यात बसतच नाहीत. तू ईडब्ल्यूएसमधे आहेस, म्हणजे कराडला तुमचा खर्च हॉस्टेल, मेस आणि किरकोळ फीचा, आणि पुण्याला चारही वर्षं पूर्ण फी खिशातून. काकांनी कर्ज काढतो म्हटलंय ते मला माहितीये. ते काढतीलही, कारण ते तुझ्यासाठी काहीही करतील, पण तू त्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखव, कारण अर्धवट माहितीवर माणूस मोठ्या मनाने चुकीचं कबूल करून बसतो.

आता मूळ प्रश्न, फ्रीज (हीच सीट पक्की करायची) की बेटरमेंट (ही धरून ठेवून पुढच्या राउंडला वरचं बघायचं). माझं मत, सीट ॲक्सेप्ट कर, हजार रुपये भर आणि बेटरमेंट घे. यात कराड हातचं जात नाही, वरचं काही मिळालं तरच ते सुटतं. पण इथेच पोरं फसतात, म्हणून नीट वाच. दुसऱ्या राउंडचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रांचची पसंतीची यादी, नव्याने भरायचा असतो आणि त्यातलं काहीही लागलं की आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून कराडपेक्षा जे खरंच जास्त हवंय तेवढंच त्यात लिही. तीनशे ऑप्शन भरता येतात म्हणून मैत्रिणीची यादी कॉपी करू नकोस. शिवाय 2025 पासून नियम असा झालाय की पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनातला आणि तिसऱ्याला पहिल्या सहातला. तेव्हा वरच्या जागांवर "बघू लागलं तर" असलं काही ठेवायचं नाही.

आणि क्रम आवडीचा लाव, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालच्याचा चान्स कमी होत नाही, सॉफ्टवेअर वरून खाली बघत येतं आणि तुझ्या मेरिटला जे पहिलं बसतं ते देतं. कटऑफची पीडीएफ बघताना कोडकडे लक्ष दे, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल, आणि सुरुवातीला एल असेल तर मुलींची जागा. तू मला जो आकडा पाठवलास ना, तो जी म्हणजे जनरल वाल्या ओळीतला होता, तुझी ओळ दुसरी आहे, परत बघ.

बॅकअपबद्दल मी जरा जास्त बोलते कारण मी त्यात पोळलेय. आमच्या वेळी मी अकराच ऑप्शन भरले, सगळे पुण्या-मुंबईचे, खालचं भरणं म्हणजे कमीपणा वाटायचा. राउंड संपले, हातात काही नाही. मग इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे थेट कॉलेजकडून, मिळेल ते घेतलं, कॅप नाही म्हणून स्कॉलरशिप नाही, आणि चार वर्षं बाबांनी सोसायटीचं कर्ज फेडलं. त्या वेळी माझ्याकडे कराडसारखी एक सीट असती तर मी नाचले असते. तू कराडला "पडून राहिलेलं" म्हणालीस ते मला लागलं थोडं. 1960 चं कॉलेज आहे ते, ऑटोनॉमस आहे. बॅकअप असा हवा की सोमवारी सकाळी तिथे जाऊन बसायला लागलं तर बसशील, आणि तुझ्याकडे तसा आहे.

कम्प्युटर हवंच असेल तर हवंय म्हण, मी अडवणार नाही, वर कम्प्युटर आणि आयटी टाक. पण पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलू या भरवशावर काही घेऊ नकोस, ते रिकाम्या जागा असल्या तरच आणि मार्कांवर होतं. आणि एक आठवण करून देते, मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर चालू होईना तेव्हा स्टार्टरचा डबा उघडून कॉन्टॅक्टरचे काळे पडलेले पॉइंट पॉलिशपेपरने घासत बसलेली कोण होती? वायरमन यायच्या आधी मोटर सुरू झाली होती. ते तू कुणी सांगितलं म्हणून केलं नव्हतंस. इलेक्ट्रिकल तुला नावडतं आहे, की फक्त कॉलनीत सगळे कम्प्युटर म्हणतायत म्हणून, हे तुझं तूच बघ, मला उत्तर नको.

ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट हातात आलंय ना? नुसती पावती असेल तर उद्याच तहसीलला जा, मुदतीत ओरिजिनल दिलं नाही तर ओपनमधे टाकतात आणि सीट जाऊ शकते.

आणि शनिवारी काकांना घेऊन कराडला जाऊन ये, पंढरपूरला गाडी बदलावी लागली तरी चालेल. गेटवरून परत येऊ नका, इलेक्ट्रिकलची मशीन लॅब दाखवा म्हणा, थर्ड इयरच्या दोन मुली गाठ आणि त्यांना प्लेसमेंट, हॉस्टेलचं पाणी आणि मेसचं जेवण सगळं विचार, त्या खरं सांगतात. संध्याकाळी वेळ उरला तर कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर बसा थोडा वेळ, काकांना बरं वाटेल. रात्री आल्यावर फोन कर, किती का वाजेनात, मग दोघी बसून दुसऱ्या राउंडचा फॉर्म एकेक ओळ करत भरू.

तुझी ताई