‘प्रतिबंधक शस्त्रक्रिया’ की आणखी काही?

प्रश्न : इंदुरात रामबागेतल्या एका महिला मंडळासाठी मराठी माहितीपत्रक तयार होत आहे. घराण्यातून आलेल्या जनुकदोषामुळे ज्यांना बीजांडकोशाचा (अंडाशयाचा) कर्करोग होण्याची भीती आहे, त्यांचे बीजांडकोश आणि त्यांच्या शेजारच्या नळ्या आधीच काढण्याच्या ऑपरेशनला त्यात ‘प्रतिबंधक शस्त्रक्रिया’ म्हटलं आहे. हिंदी माध्यमात शिकलेल्या एका सुनेने त्याचा अर्थ ‘बंदी असलेली शस्त्रक्रिया’ असा घेतला. शब्द चुकला का?

उत्तर : मराठी म्हणून शब्द बरोबर आहे. तरीही तो बदलावा, आणि सुनेचा गोंधळ हे त्याचं एकच कारण नाही.

‘प्रतिबंध’ म्हणजे मुळात अडथळा, अटकाव. मराठीत ‘घडण्याआधीच अडवणे’ ही त्याची छटा पक्की झाली : रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, गर्भप्रतिबंधक गोळी. हिंदीत तो मनाईकडे झुकला. त्याच गोळीला हिंदी ‘गर्भनिरोधक’ म्हणते आणि ‘प्रतिबंध’ पॉलिथिनवर लावते. इंदूरच्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर रोज हिंदी पाट्या असतात. त्याचा अर्थ तिकडे वळला तर दोष त्याचा नाही. ‘निवारक’ सुचवलं जाईल, पण तेही नको. निवारण आलेल्या गोष्टीचं होतं, तक्रारीचं किंवा पीडेचं. इथे तर आजार आलेलाच नाही.

मोठं कारण वैद्यकीय आहे. एरवी आयुष्यभरात शंभर स्त्रियांपैकी साधारण एकीला हा कर्करोग होतो. ‘बीआरसीए १’ या जनुकात दोष असेल तर हे प्रमाण शंभरात ४० च्या आसपास जातं, ‘बीआरसीए २’ मध्ये १५ ते २० च्या. शस्त्रक्रियेने ही शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी घटते, शून्य होत नाही. पोटाच्या आतल्या अस्तरात तशाच प्रकारचा कर्करोग पुढे क्वचित होऊ शकतो. ‘प्रतिबंधक’ वाचलेली बाई ‘आता होणारच नाही’ असं समजेल आणि पोट सतत फुगल्यासारखं वाटलं तरी अंगावर काढेल.

म्हणून ‘कमी करणारी’ हे शब्द हवेतच. काय कमी करणारी? ‘धोका’ लिहाल तर हिंदीतला ‘धोखा’, म्हणजे फसवणूक, आडवा येईल. ‘जोखीम’ मात्र दोन्ही भाषांत एकाच अर्थाने चालते. मराठीत ती जोखीम आणि हिंदीत बहुधा तो जोखिम, एवढाच फरक. शिवाय दागिने घालून निघालेली बाई ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणते, ती छटा इथे फार नेमकी बसते. जनुकदोष हा आजार नव्हे. ती जन्मापासून अंगावर असलेली जोखीम आहे.

आता अवयवांची नावं. इथे ढिलाई केली तर नुकसान जास्त. ‘अंडकोश’ कदापि लिहू नका. काही जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात तो स्त्रीच्या बीजग्रंथीसाठी आढळतो, पण आज दोन्ही भाषांत तो पुरुषाचा अवयव समजला जातो. ‘बीजांडकोश’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे अंडाशय’ अशी जोड द्या. अंडाशय हिंदी कागदांवरही असतो. नळ्यांसाठी ‘गर्भनलिका’पेक्षा ‘बीजवाहिनी’ चांगला : तिथून बीज जातं, गर्भ तिथे वाढायचा नसतो.

‘पिशवी काढली’ हा बोलण्यातला प्रयोग सर्वांत घातक. पिशवी म्हणजे गर्भाशय, हिंदीतली बच्चेदानी. ती काढली तरी बीजांडकोश आत असू शकतात, आणि मग ही जोखीम जवळजवळ तशीच राहते. उलट या शस्त्रक्रियेत गर्भाशय ठेवता येतं. दोन्ही बीजांडकोश आणि दोन्ही बीजवाहिन्या मात्र पूर्ण जायला हव्यात. या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकापाशी सुरू होतो. म्हणून ‘नळ्या बांधल्या’ आणि ‘नळ्या काढल्या’ हेही वेगळं लिहावं. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये नळ्या सहसा बांधलेल्या असतात, त्यांची टोकं आतच असतात.

‘पाळी बंद होते’ हेही अपुरं. फक्त गर्भाशय गेलं तर पाळी थांबते, पण संप्रेरकं (हार्मोन्स) चालू राहतात. बीजांडकोश गेले की एका दिवसात रजोनिवृत्ती : अंगातून वाफा, झोपमोड, पुढे हाडांची झीज. म्हणूनच मुलंबाळं झाल्यावर, पण ‘बीआरसीए १’साठी ३५ ते ४० आणि ‘बीआरसीए २’साठी ४० ते ४५ हे वय सांगतात. स्तनाचा कर्करोग झालेला नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकं बाहेरून देता येतात. गर्भाशय ठेवलं असेल तर एकटं इस्ट्रोजेन चालत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढू नये म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं.

पत्रकात असं लिहा : ‘दोन्ही बीजांडकोश (अंडाशय) आणि दोन्ही बीजवाहिन्या (नळ्या) काढून कर्करोगाची जोखीम कमी करणारी शस्त्रक्रिया’. लांब आहे, पण यातला एकही शब्द गाळण्यासारखा नाही. शीर्षकाला ‘जोखीमघट शस्त्रक्रिया’ असा जोडशब्द कुणी सुचवेल. तो घडवलेला वाटतो आणि कानावरून जातो.

आणखी एक ओळ जरूर घाला. काढलेला भाग तपासणीला जातो त्या कागदावर ‘बीआरसीए दोष, जोखीम कमी करण्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. ते लिहिलेलं असेल तर बीजवाहिनीच्या टोकाचे २ ते ३ मिलिमीटरचे काप करून ते संपूर्ण तपासले जातात. नुसतं ‘अंडाशय’ लिहून पाठवलं तर एकदोन नमुने बघितले जातात आणि डोळ्यांना न दिसणारी सुरुवातीची गाठ निसटू शकते.