घरून काम करताना संध्याकाळी डोक्यातून काम कसं काढायचं?

लॅपटॉप मिटला तरी मन कामातच राहतं, याचं कारण बहुतेकदा अर्धवट राहिलेली कामं. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली हेच मांडलं होतं: पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. त्यामुळे 'आता विचार करायचा नाही' असं स्वतःला बजावून भागत नाही. शेवटची १० मिनिटं राखून ठेवा आणि कागदावर लिहा, काय राहिलं आणि उद्या सुरुवात नेमकी कुठून करायची. नुसतं 'रिपोर्ट' नको. 'रिपोर्टमधला तिसरा तक्ता तपासायचा' असं लिहा. मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

मग लॅपटॉप कपाटात, ऑफिसची नोटिफिकेशन्स बंद, आणि लगेच १५-२० मिनिटं बाहेर चालून या. ऑफिसातून घरी येतानाच्या वाटेवर मन आपोआप निवायचं. घरून काम करताना ती वाटच उरत नाही, म्हणून ती मुद्दाम तयार करावी लागते.

रात्री-अपरात्री टीमचे मेसेज येत असतील तर मात्र एवढ्याने भागणार नाही. मॅनेजरशी स्पष्ट बोलून ठरवून घ्या: तातडीचं असेल तर फोन, बाकी सगळं सकाळी.