पट्टी उतरली म्हणून काय झालं

नाशिक, रविवार रात्र

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

सकाळी मिसळ निवेपर्यंत तू आणि तो पांढऱ्या पोनीटेलवाला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडवरून भांडत होतात. "ऐंशी ओलांडली, आता घरी बसा की," हे तुझं. "1972 चे स्टोन्स ज्यांनी ऐकले नाहीत त्यांनी बोलूच नये," हे त्याचं. मी मुकाट्याने जादा पाव मागवला. पण कॉलेजच्या अंकात त्यांच्या 'हॅकनी डायमंड्स' या अल्बमवर तू लिहिणार आहेस आणि काय लिहू म्हणून विचारलंस, तेव्हा सांगतो.

गणपतीत माझ्याबरोबर मिक्सरवर बसतेस. ऑर्केस्ट्रातला जुना गायक गाणं सुरू व्हायच्या आधी हात पाठीमागे नेऊन एक बोट खाली दाखवतो, ते तू पाहिलंयस. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो, गाणं अर्ध्या सुराने उतरतं, वादक एकमेकांकडे बघून हसतात. तूही हसली होतीस. शास्त्रीय गायकाला कुणी असं हसत नाही, कारण त्याची पट्टी त्याचीच. काळी एक झेपेना तर पांढरी एक, तानपुरे पुन्हा लावले की झालं. रॉकचं गाणं मात्र रेकॉर्डवरच्या पट्टीला चिकटून बसतं. रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, मोकळ्या तारांवर बांधलेली असते. तारा उतरवल्या की त्या सैल पडतात, नाद जाडसर होतो. म्हणून 'खाली उतरले' हा आरोप करू नकोस, उतरल्यावर गाण्याचं काय झालं ते लिही. काही जण तर गाणंच सोडून देतात. डीप पर्पल बँडचा गायक इयान गिलन, त्याने 'चाइल्ड इन टाइम' 2002 नंतर मंचावर म्हटलेलं नाही. मला ते सोडणं आवडतं.

स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स, त्याच्या बोटांना संधिवात आहे, हे त्याने स्वतःच सांगितलंय. तो वर्षानुवर्षं पाचच तारा ठेवून ओपन जी लावतो, म्हणजे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजते, आणि सहावी काढून टाकतो. त्या लावणीत दोन-तीन बोटांत बरंच काम होतं. ती लावणी त्याने वयासाठी धरलेली नाही, तारुण्यातच धरली. पण आता हाताशी आली असणार, असं आपलं मला वाटतं.

त्यांचा गायक मिक जॅगर, त्याचा आवाज मशीनने घासूनपुसून घेतलाय ही तुझी शंका लेखात नको. तयार गाण्यावरून ते ना तुला सिद्ध करता येईल ना मला, आणि हल्ली पंचविशीतल्या गायकांचे आवाजही धुऊनच बाहेर पडतात. त्यापेक्षा ड्रम्स ऐक. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स 2021 मध्ये गेला, अल्बम आला 20 ऑक्टोबर 2023 ला. 2005 नंतरचा, स्वतःच्या नव्या गाण्यांचा पहिलाच. त्यातल्या दोन गाण्यांवर चार्ली आहे, 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द सोर्ड'. ही दोन, चार्लीच्या जागी ड्रम्सवर बसलेल्या स्टीव्ह जॉर्डनच्या गाण्यांशेजारी ठेव. चार्लीची एक खोड होती: स्नेअर ड्रमवर ठोका पडताना तो हाय-हॅटवरचा, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवरचा, हात उचलायचा, तेवढा ठोका हॅट वाजायचीच नाही. त्या रिकाम्या जागेत त्याचा ताल झुलायचा. या दोन गाण्यांत ती जागा सापडते का ते तूच बघ. मी का सांगत नाही, ते पुढे येईल.

शेवटचं 'रोलिंग स्टोन ब्लूज' रात्री उशिरा, हेडफोनवर ऐक. मडी वॉटर्सच्या ज्या गाण्यावरून बँडला नाव मिळालं तेच हे. फक्त जॅगर आणि कीथ, गिटार, माउथ ऑर्गन आणि गळा. वय कुठे ऐकायचं असेल तर इथे.

म्हातारे आहेत म्हणून गुण वाढवून देऊ नकोस हां. मला विचारशील तर अल्बमचं मिक्स फार दाबलेलं आहे. सगळं एकाच वेळी पुढे, तोंडावर येतं. ड्रम्सना श्वास घ्यायला जागा नाही. पण हा दोष म्हाताऱ्यांच्या माथी मारू नकोस. निर्माता अँड्र्यू वॉट तेव्हा 33 वर्षांचा होता.

आणि 'आता घरी बसा' हे वाक्य तुझं नाही बरं. 2003 च्या एप्रिलमध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, तेव्हा नाशिकहून आम्ही चौघं गेलो होतो. जॅगर तेव्हा 59 चा. जाताना आम्ही "आता शेवटचंच, म्हाताऱ्यांना बघून घेऊ" म्हणत होतो. रात्रीच्या गाडीने परतताना कसाऱ्यापर्यंत कुणी त्यावर बोललं नाही. घसे बसले होते सगळ्यांचे.

आता राहिलं ते. हाय-हॅटची गोष्ट मी आठवणीतून सांगतोय. वरचे सूर मला नीट ऐकू येत नाहीत, दोनेक वर्षं झाली. मागच्या महिन्यात कालिदास कलामंदिरात झांजा बारीक वाटल्या म्हणून मी मिक्सरवर हाय, म्हणजे वरचे सूर, वाढवला आणि मी पाणी प्यायला वळलो तेव्हा तू हळूच खाली घेतलास. मला कळलं. बरोबरच केलंस.

पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच कार्यक्रम आहे. हायचा नॉब तुझा. फक्त चोरून फिरवू नकोस, "काका, खाली घेतेय" असं मोठ्याने सांग. मागे बसलेल्या वादकांना ऐकू गेलं तरी चालेल. लेख झाला की आधी मला वाचून दाखव, जरा जवळ बसून.

तुझा,
काका